दिव्याचे स्थैर्य

सज्जनहो, दिव्याकडून आपण सहसा दोनच गोष्टींची अपेक्षा ठेवतो. त्याने अंधारातली वस्तू दाखवावी, नाहीतर दूरच्या माणसाला काही खूण सांगावी. समई पहिले काम करते, रेल्वेचा सिग्नल दुसरे. पण गेली काही वर्षे माझे मन एका तिसऱ्याच दिव्यापाशी घुटमळते आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, कोणतीही वस्तू उजळीत नाही, कुणाचा निरोपही नेत नाही, आणि तरीही काचेच्या तंतूचा कोणताही मार्ग त्याच्यासमोरून गेल्याखेरीज जाणकार त्याला भरवशाचा म्हणत नाहीत. ऑप्टिकल फायबर तपासताना एका टोकाला जो ‘सोर्स’ लावतात, तो हा दिवा. दुसऱ्या टोकाला मीटर असतो. सोर्सने करायचे ते इतकेच, की होता तसा राहायचे, स्थिर राहायचे. या स्थैर्याचा अर्थ काय, ते येते कुठून आणि मोडते कशाने, एवढाच आजच्या चिंतनाचा विषय आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा आपला पट्टा या चिंतनाला फार सोयीचा. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या गल्लीत मान वर करून पाहिले, तर खांबाखांबावरून काळ्या तारांची इतकी जाळी लोंबताना दिसते की त्यातली वीज कुठली, केबल टीव्ही कुठला आणि फायबर कुठली, हे तिथे काम करणाऱ्या पोरांनाच कळावे. रेल्वेच्या रुळांलगत जमिनीखालून लांब पल्ल्याचे तंतू जातात, आणि गल्लीतले तंतू खांबावरच्या डबीतून जिन्यात, जिन्यातून घरात येतात. घरातल्या यंत्रावर ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकू लागला की सगळे कुटुंब अस्वस्थ होते, आणि संध्याकाळपर्यंत पाठीवर सॅक घेतलेला कुणी तरुण दारात येऊन म्हणतो, “काका, पॉवर मायनस एकोणतीस येतेय, कुठेतरी बेंड बसलाय.” त्याच्या या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे, आणि आपल्याला त्या गृहीतापाशीच थांबायचे आहे. पॉवर कमी आली म्हणजे वाटेत काही बिघडले, असे तो निःशंकपणे म्हणू शकतो, कारण पाठवणारा दिवा कालही तेवढाच होता आणि आजही तेवढाच आहे, यावर त्याचा विश्वास आहे.

मापनाची रीत जवळून पाहा. आधी सोर्स आणि मीटर एका छोट्या पॅचकॉर्डने थेट जोडतात, आणि मीटरवर जो आकडा येतो तो मूळ मानून ठेवतात. याला रेफरन्स घेणे म्हणतात. मग दोघांच्या मधे तपासायची फायबर येते. आता जितका आकडा घसरला, तितका लॉस त्या वाटेचा. १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाला साध्या तंतूत दर किलोमीटरला सुमारे ०.३५ डीबी (डेसिबल) मोजावे लागतात, म्हणजे दहा किलोमीटरला साडेतीन. नीट मारलेला एक जॉइंट ०.०५ खातो, स्वच्छ पुसलेला कनेक्टर ०.३ च्या आसपास. हे आकडे किती सूक्ष्म आहेत ते ध्यानात घ्या. रेफरन्स घेतल्यानंतर अर्ध्या तासात सोर्सच जर ०.३ डीबीने मंदावला, तर मीटर प्रामाणिकपणे ०.३ कमी दाखवील, आणि सहा निर्दोष जॉइंटांएवढा दोष विनाकारण त्या वाटेच्या माथी बसेल. कुणीतरी पावसात खांबावर चढेल, चांगला जॉइंट तोडून पुन्हा मारील. स्थैर्याचा पहिला अर्थ इथे उघडतो : दोष कुणाचा, हा निवाडा करण्याची पात्रता. जो स्वतः ढळतो, त्याला जगाची प्रत्येक वाट सदोष दिसते, आणि गंमत अशी की त्याच्या हाती तसा आकडाही असतो.

म्हणून जाणता माणूस सोर्स सुरू केल्याबरोबर काम सुरू करीत नाही. तो त्याला दहापंधरा मिनिटे नुसता चालू ठेवतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की हा वेळ काढतो आहे. वस्तुतः त्या वेळात सोर्सच्या पोटातला लेसर तापत असतो, आणि तापता तापता त्याचे तेज व रंग दोन्ही किंचित सरकत असतात. ते एका जागी येऊन बसेपर्यंत त्याची साक्ष ग्राह्य धरायची नसते. अंबरनाथचा विमको नाका ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे, त्यांना तिथला काड्यापेटीचा जुना कारखाना आठवत असेल. काडीचा सगळा पराक्रम पहिल्या क्षणात असतो. ती पेटते त्या क्षणी सर्वांत तेजस्वी आणि पुढच्याच क्षणापासून उतरती. तिचे काम दुसऱ्याला पेटवण्याचे आहे, त्यामुळे तिला तो उतार शोभतो. मोजणाऱ्या दिव्याला मात्र पहिल्या क्षणाचे तेज निरुपयोगी. त्याची किंमत विसाव्या, चाळिसाव्या, साठाव्या मिनिटाला ठरते.

आता स्थैर्य येते कुठून, हा प्रश्न. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला दृष्टान्त दिला आहे तो वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याचा, आणि आपल्या मनात स्थैर्याचे जे चित्र शतकानुशतके ठसले आहे ते तेच. अंबरनाथचे शिवमंदिर पाहिलेल्यांना या दृष्टान्ताचा अर्थ शब्दांवाचून कळावा. शके ९८२ म्हणजे १०६० चा शिलालेख असलेले हे शिलाहारांचे देवालय. त्याचा गाभारा सभामंडपाच्या पातळीवर नाहीच, वीसेक पायऱ्या उतरून खाली जावे लागते, आणि उतरता उतरता बाहेरची वर्दळ मागे राहते. खोल जागा, दगडी भिंती, कमी वारा. ज्योत हलू नये असे वाटत असेल तर तिला हलवणाऱ्या गोष्टींपासून दूर न्यावे, ही साधनेची एक जुनी आणि खरी वाट आहे. पण सज्जनहो, खांबावरच्या डबीला गाभारा कुठून मिळणार? एप्रिल-मे मध्ये बदलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या पेटीत त्याहून अधिक तापते, जूनमध्ये त्याच पेटीवर पाऊस कोसळतो. आणि लेसरची जात अशी, की उष्णता वाढली की त्याला पेटायलाच अधिक करंट लागतो, म्हणून तेवढ्याच करंटला त्याचा प्रकाश उतरतो. निवात स्थान नाही, आणि ज्योत तर हलता कामा नये.

अभियंत्यांनी यावर जो उपाय काढला, तो मला आधुनिक काळातल्या अत्यंत सुंदर कल्पनांपैकी एक वाटतो. लेसरच्या कणाएवढ्या स्फटिकाच्या पुढच्या तोंडातून प्रकाश फायबरमध्ये जातो, आणि मागच्या तोंडातूनही थोडा झिरपतो. हा मागचा प्रकाश वाया घालवण्याऐवजी तिथे एक चिमुकला फोटोडायोड बसवतात. त्याचे काम जगाकडे पाहण्याचे नाही. त्याने अखंड फक्त लेसरकडे पाहायचे. लेसर जरा मंदावला की तो करंट वाढवायला लावतो, जरा उफाळला की कमी करायला. अधिक काटेकोर यंत्रांत त्याच्या शेजारी उष्णता शोषणारी एक विजेची चकतीही असते, जी बाहेर ऊन असो वा पाऊस, स्फटिकाला एकाच अंशावर धरून ठेवते. म्हणजे हे स्थैर्य शांततेतून आलेले नाही. क्षणोक्षणी ढळणे आणि क्षणोक्षणी सावरणे, यांतून ते उपजलेले आहे, आणि ते सावरणे इतक्या त्वरेने घडते की बाहेरच्याला ढळल्याचे कळतच नाही. आपल्या परंपरेत साक्षी ही कल्पना आहे : भोगणारा वेगळा आणि पाहणारा वेगळा. त्या फोटोडायोडला साक्षी म्हणताना मला संकोच वाटत नाही, फक्त एक भेद सांगायला हवा. वेदान्तातला साक्षी अलिप्त असतो, हा हस्तक्षेप करतो. संसारी माणसाला हाच अधिक जवळचा.

आणि याची किंमत पडते, तीही पाहिली पाहिजे. लेसर जसा जुना होतो तशी त्याची क्षमता घटते, पण साक्षी करंट वाढवीत नेतो, म्हणून बाहेर पडणारे तेज वर्षानुवर्षे तेवढेच दिसते. मोठ्या यंत्रणांतले मॉड्यूल आपला बायस करंट, म्हणजे लेसरला पुरवला जाणारा करंट, स्वतःच कळवत असतात, आणि सांभाळणारा अनुभवी माणूस प्रकाशाच्या आकड्याआधी त्या करंटच्या आकड्याकडे पाहतो. तो चढत चालला असेल तर ओळखतो की याचे दिवस भरत आले. स्थिर दिसणाऱ्याच्या आत श्रम किती वाढले आहेत, हे विचारणारे कुणीतरी असावे लागते. घराघरांत अशी माणसे असतात, असे मी म्हटले तर विषयांतर होईल, म्हणून पुढे जातो.

तेज स्थिर झाले म्हणजे सारे झाले असे नाही. रंगही स्थिर हवा. इथे थोडा इतिहास लागतो. चार्ल्स काव यांनी १९६६ साली जॉर्ज हॉकहॅम यांच्यासह मांडले की काच पुरेशी शुद्ध केली आणि लॉस किलोमीटरला २० डीबीपर्यंत उतरवला तर तिच्यातून संदेश नेता येतील. त्या काळच्या काचेत तो हजाराच्या घरात होता. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंगने ती मर्यादा ओलांडली, आणि योगायोग असा की त्याच वर्षी लेनिनग्राडमध्ये अल्फेरोव यांच्या गटाने व बेल प्रयोगशाळेत हायाशी आणि पॅनिश यांनी खोलीच्या तपमानाला अखंड तेवणारा अर्धवाहक लेसर करून दाखवला. त्याआधी असे लेसर अतिशीत करून ठेवावे लागत, नाहीतर क्षणक्षण चमकवावे लागत. वाट आणि दिवा एकाच वर्षी तयार झाले. पुढे नऊच वर्षांनी, १९७९ साली, टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी आपल्या देशातली पहिली प्रकाशतंतूंची स्थानिक यंत्रणा पुण्यात सुरू झाली, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. घाटावर आलेला तो प्रकाश घाट उतरून आपल्या जिन्यापर्यंत यायला मात्र बराच काळ गेला.

जगातल्या पहिल्या पिढीचे सोर्स ८५० नॅनोमीटरच्या आसपासचे. मग लोक १३१० कडे वळले आणि नंतर १५५० कडे, कारण काचेतल्या अतिसूक्ष्म विषमतेवर आदळून प्रकाश जो विखुरतो तो लहान तरंगलांबीला फार आणि मोठ्या तरंगलांबीला थोडा; आकाश निळे दिसते तेही याच नियमाने. १५५० ला लॉस किलोमीटरमागे ०.२ डीबीवर येतो. पण मर्म पुढे आहे. लांब पल्ल्याच्या एकाच तंतूतून आता कितीतरी रंग शेजारी शेजारी पाठवतात, आणि दोन शेजाऱ्यांतले अंतर पुष्कळदा जेमतेम ०.८ नॅनोमीटर असते. लेसर एक अंश तापला की त्याचा रंग सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकतो. म्हणजे आठ अंशांनी तापलेला लेसर तेजाने तसूभरही न घटता, पूर्ण प्रखरतेने, दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन बसेल. मापक विचारील, तेज किती? उत्तर येईल, तेवढेच. आणि तरी शेजाऱ्याचा संदेश बुडालेला असेल. स्थैर्य म्हणजे केवळ न मंदावणे नव्हे. आपली जागा न सोडणे, हा त्याचा आणखी खोल अर्थ.

इथवर आलेल्या वाचकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. तपासणीचा दिवा एकसारखा तेवतो हे ठीक, पण संदेश नेणारा दिवा तर सतत लुकलुकतो. घराकडे येणारा १४९० नॅनोमीटरचा प्रकाश सेकंदाला सुमारे २५० कोटी चिन्हे उमटवतो. मग तो अस्थिर मानावा काय? शंका उत्तम आहे, आणि तिचे उत्तर घराकडून परत जाणाऱ्या १३१० च्या प्रकाशात सापडते. खांबावरच्या स्प्लिटरमधून एक तंतू बत्तीस घरांत वाटला जातो. पाच वेळा निम्मे निम्मे होताना पंधराएक डीबी तिथेच खर्ची पडतात, म्हणून घरी मायनस २७ पोचले तरी, म्हणजे जेमतेम दोन मायक्रोवॉट, यंत्र त्यावर भागवते. परतीच्या वाटेवर ही बत्तीसही घरे एकच तंतू वापरतात. एक्स्चेंजकडून प्रत्येकाला त्याची वेळ नेमून दिलेली असते, त्या वेळेपुरता त्याचा लेसर पेटतो आणि मग पूर्ण काळोख. क्वचित एखाद्या घरचे यंत्र बिघडते आणि त्याचा लेसर विझायचेच विसरतो. तेज उत्तम, रंग अचूक, कंप नाही. दृष्टीला स्थैर्याचा आदर्श. आणि त्याच्यामुळे उरलेल्या एकतीस घरांचे नेट कोसळते, कारण त्यांच्या वाट्याच्या क्षणांतही हाच बोलत असतो. भजनात टाळ धरलेला एक जण तालाकडे कान न देता वाजवतच राहिला तर जे होते, ते इथे होते. असा खोडकर लेसर कोणत्या घरात आहे हे शोधताना पोरांना एकेक घराची वायर काढून पाहावी लागते, आणि ज्याची काढल्यावर सगळे सुरळीत होते तो अपराधी. म्हणून लुकलुकणे आणि अस्थिरता ही दोन वेगळी आहेत. आज्ञेने पेटणारा आणि आज्ञेने विझणारा दिवा स्थिर आहे. आज्ञा नसता तेवणारा, कितीही निष्कंप असला तरी, स्थिर नाही. स्थैर्याची ही व्याख्या मी पुष्कळ उशिरा स्वीकारली, आणि स्वीकारल्यावर मौनाकडे पाहण्याची माझी रीतच बदलली.

स्थैर्य मोडते कशाने? उष्णतेचे पाहिले. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. लेसरमधून निघालेला प्रकाश पुढे एखाद्या सपाट काचेच्या तोंडावर आदळतो आणि त्याचा अंश आल्या वाटेने परत लेसरमध्ये शिरतो. तो प्रकाश परका नाही, त्याचाच आहे. पण तो आत शिरताच लेसर गोंधळतो, त्याच्या तेजात गोंगाट उठतो, रंग थरथरतो. चांगल्या लेसरच्या तोंडाशी म्हणून एक आयसोलेटर बसवतात, जो प्रकाशाला जाऊ देतो पण परतू देत नाही. घरातल्या यंत्राच्या मागे जो हिरवा कनेक्टर असतो त्याचे काचेचे तोंडही याच कारणासाठी आठ अंशांनी तिरके घासलेले असते, की परावर्तित प्रकाश सरळ मागे न फिरता कडेला निघून जावा. निळ्या कनेक्टरचे तोंड तिरके नसते. हिरव्यात निळा खुपसला की दोन्ही तोंडे नीट भिडत नाहीत आणि पॉवर धाडकन पडते, हे तांत्रिक ज्ञान आता पुष्कळ गृहिणींनाही झाले आहे. मला मात्र त्या तिरक्या तोंडाकडे पाहून नेहमी कीर्तीचा विचार येतो. आपण जगाला दिलेलेच आपल्याकडे परत येते, आणि त्याने आपण जितके ढळतो तितके परक्या वाऱ्याने ढळत नाही. संतांनी स्तुतीपासून सावध राहायला सांगितले, ते याच अनुभवातून असावे.

एक उलटी बाजू सांगितलीच पाहिजे, नाहीतर लेसरचे नको इतके कौतुक होईल. कारखान्यांच्या आवारात, इमारतींच्या आत जी जाड गाभ्याची मल्टिमोड फायबर घालतात, ती मोजायला लेसरपेक्षा साधा एलईडी सोर्स चांगला. लेसरच्या सर्व लहरी एका पावलाने चालतात, म्हणून अनेक वाटांनी फिरून आल्यावर त्या एकमेकींशी झुंजतात आणि मापकावर ठिपक्यांचा खेळ मांडतात. तंतू जरा हलला की आकडा बदलतो. एलईडीचा प्रकाश पसरट आणि बेशिस्त, आणि त्या बेशिस्तीमुळेच त्याची बेरीज शांत असते. शिस्त हे स्थैर्याचे एकमेव रूप नाही, इतके नोंदवून पुढे जाऊ.

आणि तो लाल पेन? पोरांच्या खिशात असतो तोच. ६५० नॅनोमीटरचा, डोळ्यांना दिसणारा. फायबर कुठे तुटली असेल तिथे आवरणातून लालभडक उजळतो आणि पाहणाऱ्याला समाधान देतो. तो चारपाच किलोमीटरांपलीकडे जात नाही, आणि त्याने मोजता काहीच येत नाही. तो दाखवतो, निवाडा करीत नाही. खरे मापन करणारा प्रकाश दृष्टीच्या पलीकडचा आहे, आणि म्हणून ही सूचना : कनेक्टरच्या तोंडात डोळा घालून ‘लाईट आहे का’ पाहू नका. तिथे काळोख दिसेल, आणि त्या काळोखातून येणारे तेज डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकेल.

आता दिवसाअखेरची रीत सांगतो. एका केबलमध्ये ४८ किंवा ९६ तंतू असतात. एकेक तंतू जोडायचा, आकडा लिहायचा, टोक पुसायचे, पुढचा घ्यायचा. काम संपत आले की हात थकलेले असतात आणि कागद भरलेला असतो. तेव्हा जाणता माणूस सोर्स आणि मीटर सकाळच्याच पॅचकॉर्डने पुन्हा थेट जोडतो आणि सकाळचा मूळ आकडा परत येतो का ते पाहतो. आला, तर कागदावर सही. एक दशांश डीबीहून जास्त फरक पडला असेल, तर दिवसभराच्या आकड्यांपैकी कोणते वाटेचे आणि कोणते दिव्याचे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून तो सगळा कागद बाजूला ठेवायचा, पॅचकॉर्डचे टोक पुसायचे, सोर्स गरम होऊ द्यायचा, नवा रेफरन्स घ्यायचा आणि पहिल्या तंतूपासून पुन्हा मोजायला लागायचे.